अळी आकाशातून पडत नाही

आमच्या वऱ्हाडात पिकावर अळी दिसू लागली की, 'अळी पडली' असे म्हणण्याचा प्रघात आहे. पाऊस पडतो, गारा पडतात, दव पडते, तशीच अळीही पडते, असा ह्या बोलण्याचा ध्वनी आहे. काल वावर हिरवेगार होते, मध्ये दोन दिवस आभाळ आले, आणि आज पाहावे तो पानांची चाळण झालेली! तेव्हा ही पीडा ढगांतूनच उतरली असावी, असे भोळ्या मनास वाटले तर नवल नाही. परंतु जी गोष्ट आकाशातून येते तिच्यापुढे मनुष्याचा इलाज चालत नाही, आणि जी गोष्ट पानाच्या पाठीमागे आठवडाभर आधी येऊन बसलेली असते तिच्यापुढे पुष्कळच चालतो. म्हणून अळी कोठून येते, हा प्रश्न केवळ जिज्ञासेचा नाही, तो आपल्या भाकरीचा आहे. आणि पुढे दिसून येईल त्याप्रमाणे कित्येकांच्या जिवाचाही आहे.

असा गैरसमज केवळ आमच्याच देशात होता असे नाही. घाण व चिखल ह्यांपासून किडे आपोआप उत्पन्न होतात, असे युरोपातील विद्वानही शेकडो वर्षे मानीत होते. इटलीतील रेडी नावाच्या वैद्याने १६६८ साली उघड्या व झाकलेल्या भांड्यांत मांस ठेवून दाखवून दिले की, जेथे माशी बसू शकत नाही तेथे किडेही होत नाहीत. पुढे १६७९ साली मारिया सिबिला मेरियन नावाच्या जर्मन बाईने आपल्या घरी अळ्या पाळून, त्यांस रोज पाला घालून, अंड्यापासून पतंगापर्यंतच्या सर्व अवस्था चित्रांसह छापून प्रसिद्ध केल्या. तिच्यापाशी मोठी प्रयोगशाळा नव्हती. होते ते केवळ डोळे, धीर आणि झाकणाच्या डब्या. ह्या तीन वस्तू आपल्या वाचकांपैकी कोणापाशी नाहीत?

चांदूर बाजार तालुका सातपुड्याच्या पायथ्याजवळचा आहे. तेथे संत्र्याच्या बागा आहेत, पऱ्हाटी आहे, तूर आहे, आणि गेल्या काही दशकांत सोयाबीनचा पेरा फार वाढला आहे. तेथील एका धुऱ्यावर एरंडीचे झाड होते. आम्ही त्याचे एक रुंद पान उलटून, निंदण करणाऱ्या एका बाईस त्यावरील तपकिरी ठिपका दाखविला. ती हसून म्हणाली, "हे त आमी रोजच पायतो भाऊ, माती लागली असन म्हनून सोडून देतो." वाचकहो, तो ठिपका मातीचा नव्हता. त्यात दोन-तीनशे अळ्या निजलेल्या होत्या. त्याच ठिपक्याची जन्मकथा आज सांगावयाची आहे.

तिचे नाव

ह्या किडीस आपल्याकडे 'तंबाखूवरील पाने खाणारी अळी' म्हणतात. शास्त्रीय नाव स्पोडोप्टेरा लिट्युरा असे आहे. डेन्मार्कचे कीटकशास्त्रज्ञ फाब्रिसियस ह्यांनी १७७५ साली तिचे प्रथम वर्णन केले. जुन्या शेतकी पुस्तकांत ती प्रोडेनिया लिट्युरा ह्या नावाने आढळते. दोन्ही एकच होत. नावात तंबाखू असली तरी तिचे पोट तंबाखूवर अवलंबून नाही. सोयाबीन, कपाशी, एरंडी, भुईमूग, कोबी, फुलकोबी, मिरची, सूर्यफूल अशा शंभराहून अधिक वनस्पतींवर ती जगते. जिला इतकी घरे मोकळी आहेत तिला एका घरातून हाकलून भागत नाही, ही गोष्ट आरंभीच ध्यानात ठेवावी.

पहिली अवस्था : अंडी

मादी पतंग रात्रीच्या वेळी, बहुधा पानाच्या खालच्या बाजूस, अंड्यांचा पुंजका घालते. एका पुंजक्यात सामान्यतः २०० ते ३०० अंडी असतात. अंडी घालून झाल्यावर ती आपल्या पोटाकडील बारीक तपकिरी केस त्यांवर पसरून ठेवते. त्यामुळे तो पुंजका बनातीच्या तुकड्यासारखा किंवा वाळलेल्या मातीच्या टिकलीसारखा दिसतो. आपल्या अंगावरचे पांघरूण काढून लेकरावर घालावे, तशी ही रीत आहे. एक मादी आपल्या थोड्या दिवसांच्या आयुष्यात असे अनेक पुंजके मिळून हजार-दोन हजार अंडी घालू शकते. उष्ण हवेत ही अंडी ३ ते ५ दिवसांत उबतात.

दुसरी अवस्था : अळी

अंड्यातून निघालेली अळी बारीक, फिकट हिरवी व काळसर डोक्याची असते. आरंभी सर्व भावंडे एकाच पानावर दाटीने राहतात. त्यांचे जबडे कोवळे असल्यामुळे त्यांस पान आरपार कुरतडता येत नाही. त्या केवळ हिरवा गर खरवडून खातात आणि शिरा व पातळ पापुद्रा मागे ठेवतात. असे पान दुरून पांढुरके व जाळीदार दिसते. हिरव्या वावरात असे एखादे पान दिसले तर तो अळीचा पहिला निरोप समजावा. त्या दिवशी शत्रू एका पानावर, एका मुठीत सापडतो. चार-पाच दिवसांनी तो सबंध वावरात पांगतो, आणि मग मूठ पुरत नाही.

अळीची कातडी तिच्या शरीराबरोबर वाढत नाही. म्हणून ती वेळोवेळी कात टाकते. अशा बहुधा सहा पायऱ्या होतात व त्यांस दोन ते तीन आठवडे लागतात. पूर्ण वाढलेली अळी दीड इंचाच्या आसपास लांब, गुळगुळीत, आणि रंगाने काळपट, हिरवट किंवा तांबूस असते. पाठीवर पिवळसर रेघा व दोहो बाजूंस काळे त्रिकोणी ठिपके असतात. पोटाच्या आरंभी असलेले दोन मोठे काळे ठिपके ही तिची खूण होय. सोयाबीनवर दिसणारी उंटअळी पाठीची कमान करून चालते, कारण तिच्या मधल्या पोटाखालचे काही पाय नसतात. आपली ही अळी सरपटत सरळ चालते. ह्यावरून दोघींतील भेद मुलांसही ओळखता येईल.

दोन गोष्टी येथे विशेष सांगावयाच्या आहेत. पहिली ही की, अळी आयुष्यभरात जेवढे खाते त्यातील बहुतेक भाग ती शेवटच्या दोन पायऱ्यांतच खाते. म्हणून 'कालपर्यंत काही नव्हते' असे आपणास वाटते. काल अळी होतीच, परंतु तिची भूक लहान होती. दुसरी गोष्ट ही की, मोठी अळी रात्री खाते आणि दिवसा जमिनीच्या भेगांत, ढेकळांखाली किंवा पाल्याखाली दडून राहते. दुपारी वावरातून फेरी मारणारा मनुष्य खाल्लेली पाने पाहतो, पण खाणारी पाहत नाही. आणि मग ती आकाशातून पडून पुन्हा आकाशात गेली असे त्यास वाटते.

तिसरी अवस्था : कोष

पोट भरल्यावर अळी खाणे सोडते व मातीत शिरते. वरच्या थरातच, काही बोटे खोल, ती मातीची लहानशी कोठडी करते, अंग आखडून घेते, आणि शेवटची कात टाकून तांबूस तपकिरी कोष होते. हा कोष चिंचोक्याएवढा लांब, पण निमुळता असतो. तो हलत नाही, खात नाही. परंतु आत काम बंद नसते. अळीच्या शरीराचा पुष्कळसा भाग विरघळतो, आणि अळीपणीच तिच्या अंगात दडून असलेल्या लहान अंकुरांपासून पंख, लांब पाय व सोंड तयार होतात. ७ ते १० दिवसांत हे सर्व पुरे होते.

चौथी अवस्था : पतंग

कोष फोडून निघालेला पतंग करड्या-तपकिरी रंगाचा असतो. त्याच्या पुढल्या पंखांवर पांढऱ्या वाकड्यातिकड्या रेषांची नक्षी असते. मागले पंख पांढरे व चकचकीत असतात. ह्या पतंगास पाने चावण्याचे जबडेच नसतात. तो सोंडेने फुलांतील मध ओढतो. तेव्हा पीक खातो तो पतंग नव्हे. परंतु पीक खाणारी जन्मास घालतो तो पतंगच.

दिवसा तो पाल्यात दडतो व रात्री उडतो. मादी आपल्या अंगातून एक गंध सोडते आणि नर वाऱ्यावर त्याचा माग काढीत येतो. जपानी शास्त्रज्ञांनी १९७३ साली हा गंध कोणत्या द्रव्यांचा आहे हे शोधून काढले. त्यानंतर तो कृत्रिम रीतीने करता येऊ लागला, आणि त्यावरूनच आजचे कामगंध सापळे निघाले.

पतंग दिव्यावर का येतो? त्याचे दिव्यावर प्रेम असते, ही कवींची कल्पना झाली. २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात वेगवान चित्रणाने असे दिसून आले की, रात्री उडणारे पुष्कळ कीटक आपली पाठ उजेडाकडे ठेवून उडतात. मोकळ्या रानात उजेडाची बाजू म्हणजे आकाश. म्हणून ही सवय त्यांस सरळ उडण्यास उपयोगी पडते. परंतु जवळ दिवा असला की त्यांची वर-खालीची समजूत बिघडते, आणि ते त्याभोवती घिरट्या घालीत अडकून पडतात.

अंड्यापासून पतंगापर्यंतचा हा फेरा आपल्याकडील पावसाळ्यात सुमारे महिना ते पाच आठवड्यांत पुरा होतो. ह्या किडीस हिवाळाभर निजून राहण्याची सवय नाही. अन्न मिळाले तर एका पिकावरून दुसऱ्यावर तिचे पिढ्यांमागून पिढ्या चालूच राहते.

दोन हजारांतून दोन

आता थोडे गणित करू. एक जोडी दोन हजार अंडी घालते असे धरा. पुढल्या पिढीत जोडीची जोडीच राहावयाची असेल, तर त्या दोन हजारांतून केवळ दोघे जगले पाहिजेत व १,९९८ मेले पाहिजेत. दोनांऐवजी वीस जगले, तर महिन्याभरात कीड दहापट होईल, आणि दोन महिन्यांत शंभरपट. सामान्य वर्षी असे होत नाही. मग हे १,९९८ मारतो कोण?

मारणारे पुष्कळ आहेत, पण त्यांचे नाव आपण घेत नाही. अळीच्या अंड्यांत आपली अंडी घालणाऱ्या सूक्ष्म गांधीलमाश्या आहेत. कोवळ्या अळीच्या अंगात वाढणाऱ्या दुसऱ्या जाती आहेत. कोळी, ढेकणाच्या जातीचे शिकारी कीटक, मैना, कोतवाल, साळुंकी व बगळे आहेत. एक बुरशी आहे, तिने मेलेली अळी पांढऱ्या पिठात बुडविल्यासारखी कडक होऊन झाडास चिकटून राहते. एक विषाणू आहे, त्याने मेलेली अळी उलटी लोंबते व तिचे अंग पाझरते. अशी मेलेली अळी दिसल्यास ती फेकू नये. ती जेथे आहे तेथे राहिल्याने रोग इतर अळ्यांत पसरतो, आणि मनुष्यास किंवा ढोरास त्यापासून भय नाही.

आता एखाद्याने अळी दिसण्यापूर्वीच, केवळ शेजाऱ्याने फवारले म्हणून, जहाल औषध फवारले तर काय होईल? वर फिरणारे हे मित्र आधी मरतील. अंडी केसांच्या पांघरुणाखाली आणि कोष मातीखाली सुरक्षित राहतील. महिन्याने जी पिढी निघेल, तिला मारणारा कोणी उरणार नाही. शिवाय ज्या थोड्या अळ्या औषधातून वाचतात त्यांची संतती तेच औषध पचवू लागते. ह्या किडीत अशी प्रतिकारशक्ती आल्याचे आपल्या देशात अनेकदा आढळून आले आहे.

सन २००८ व सन २०१७

सन २००८ च्या खरिपात विदर्भ व मराठवाड्यात सोयाबीनवर ह्या अळीचा मोठा उद्रेक झाला. कोसच्या कोस एकच पीक उभे होते, आणि अळी सर्वांच्या नजरेस आली तेव्हा ती शेवटच्या, खादाड पायरीत होती. त्या वर्षीचा धडा घेऊन महाराष्ट्राच्या कृषी विभागाने २००९-१० पासून 'क्रॉपसॅप' नावाची किडींच्या पाहणीची योजना सुरू केली. तीत ठरावीक वावरांत नेमाने जाऊन अळ्या व पतंग मोजणे आणि त्या मोजणीवरून गावांस सल्ला देणे, हे मुख्य काम होय. म्हणजे आधी मोजावे आणि मग मारावे, हा नियम शासनासही मोठी किंमत दिल्यावर पटला.

दुसरी गोष्ट अधिक दुःखाची आहे. सन २०१७ च्या पावसाळ्यात व त्यानंतर आपल्या शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर कीटकनाशके फवारताना विषबाधा होऊन सुमारे वीस माणसे दगावली, आणि शेकडो दवाखान्यात पडली. त्यांत कित्येक मजूर होते. वावर दुसऱ्याचे, पीक दुसऱ्याचे, औषध दुसऱ्याने आणलेले; परंतु पाठीवर पंप ह्यांच्या आणि श्वासात विषही ह्यांच्याच. त्या वेळची फवारणी केवळ ह्या एका अळीसाठी नव्हती, हे खरे. तरीपण जी फवारणी टाळता आली असती ती प्रत्येक फवारणी कोणाच्या तरी छातीत गेली, हेही तितकेच खरे. आपल्या वाचकांत पुष्कळ जण मजुरीने फवारणीस जातात. अळीचा जन्मक्रम समजून घेणे हे त्यांच्या लेकरांसाठी आहे, असे आम्ही मानतो.

कोणत्या अवस्थेस कोणता उपाय

अंड्यांवर उपाय हाताचा. धुऱ्याच्या कडेने एरंडीची झाडे लावावी. मादीस एरंडीची रुंद पाने फार आवडतात. ती तेथे अंडी घालते, आणि आपणास सबंध वावर धुंडाळावे लागत नाही. आठवड्यातून दोनदा पाने उलटून पाहावी. तपकिरी पुंजका किंवा जाळीदार पान दिसताच ते तोडून साबणाच्या पाण्यात बुडवावे. निंदणाच्या वेळी हे काम बायांच्या हातून सहज होते. मात्र त्यांस तो ठिपका कोणी दाखविला पाहिजे. आणि हेही ध्यानात असावे की, एरंडी लावून तिच्याकडे न पाहणे म्हणजे चोरास ओसरी देणे होय.

लहान अळीवर ५ टक्के निंबोळी अर्क उपयोगी पडतो. पाच किलो निंबोळ्या कुटून रात्रभर पाण्यात भिजवाव्या, सकाळी फडक्यातून गाळाव्या व एकूण शंभर लिटर पाणी करून फवारावे. वर सांगितलेल्या विषाणूचे औषधही मिळते. ते संध्याकाळी फवारावे, कारण उन्हाने त्याचा जोर नाहीसा होतो. वावरात पक्षी बसण्यासाठी काठ्यांचे थांबे उभे करावे.

कोषावर उपाय नांगराचा. पीक निघाल्यावर उन्हाळ्यात खोल नांगरट केली म्हणजे मातीतील कोष वर येतात; काही उन्हाने मरतात व काही नांगरामागून येणारे बगळे टिपतात.

पतंगावर कामगंध सापळा. हेक्टरी पाच सापळे पाहणीस पुरे होतात. परंतु सापळा हा उपाय नसून घड्याळ आहे. त्यात केवळ नर सापडतात. अंडी घालणारी मादी बाहेरच राहते. सापळ्यात पतंगांची संख्या चढू लागली, की पुढले काही दिवस पाने उलटून पाहण्याचे आहेत, असे ते घड्याळ सांगते.

इतके करूनही मोजणीत अळ्या वाढत्या दिसल्या, तर कृषी विभागाच्या अधिकाऱ्यास किंवा अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाच्या जाणकारांस विचारून औषध निवडावे. दोन-तीन औषधे आपल्या मनाने मिसळू नयेत. फवारताना पूर्ण कपडे, हातमोजे व तोंडास फडके वा मुखपट्टी असावी. वाऱ्याकडे पाठ असावी. उपाशीपोटी फवारू नये. तुंबलेली तोटी तोंडाने फुंकू नये. मळमळ, डोकेदुखी किंवा डोळ्यांपुढे अंधारी आल्यास काम तेथेच थांबवून, अंग धुऊन, औषधाची बाटली बरोबर घेऊन दवाखान्यात जावे. बाटलीवरील नाव वाचल्याने वैद्यास योग्य उतारा देता येतो. मजुराने ह्या वस्तू मागणे हा उद्धटपणा नव्हे, आणि मालकाने त्या देणे हा उपकार नव्हे.

मुलांसाठी प्रयोग

रुंद तोंडाच्या बरणीत चार बोटे ओलसर माती घालावी. एरंडीच्या पानावरील चार-पाच अळ्या आत सोडून तोंडास पातळ फडके बांधावे. रोज ताजे पान द्यावे व जुने काढावे. कोणत्या दिवशी कात टाकली, कोणत्या दिवशी अळी मातीत गेली, कोणत्या दिवशी पतंग निघाला, हे वहीत लिहून ठेवावे. पतंग निघाल्यावर बरणी शाळेत सर्वांस दाखवावी, मात्र तो बाहेर सोडू नये. ज्या मुलाने हा महिना पाहिला, ते पुढे कधीही 'अळी पडली' असे म्हणणार नाही.

धड्यावरील प्रश्न

१. अंड्यांचा पुंजका मातीसारखा का दिसतो?
२. जाळीदार पान दिसल्यास कोणती संधी हाती आहे, व ती किती दिवस टिकते?
३. मोठी अळी दिवसा का दिसत नाही?
४. दोन हजार अंड्यांपैकी १,९९८ कोण मारतो? अवेळी फवारणीने त्यांचे काय होते?
५. सापळ्यास घड्याळ का म्हटले?
६. आपल्या गावात ह्या आठवड्यात पाने उलटून पाहण्याचे काम कोण करील?

शेवटच्या प्रश्नाचे उत्तर ह्या धड्यात नाही. ते वाचकांनी आपल्या धुऱ्यावर जाऊन द्यावयाचे आहे.